कच्ची शांतता

शांतता रेकॉर्ड करावी लागते, हे धाकटीला तिच्या दादानेच शिकवलं.

धाकटी पुस्तकं वाचून दाखवायची. ज्यांना वाचायला वेळ नाही, डोळे साथ देत नाहीत किंवा नुसताच कंटाळा आहे, अशांच्या कानात कादंबऱ्या ओतायच्या हा तिचा धंदा, आणि तिच्या वाचनाचं रेकॉर्डिंग करायचं हा दादाचा. लहानपणी ही एकदा सुरू झाली की बंद व्हायचं नाव घेत नसे, म्हणून त्याने तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं. पुढे त्याच तोंडावर दोन घरांच्या चुली पेटतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आईने हात जोडले असते.

दादाच्या स्टुडिओत खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत यंत्रं, दादाची खुर्ची आणि वहिनीचं टेबल. फोन घेणं, फाईली पाठवणं ही कामं वहिनी बघायची. आतल्या खोलीला सगळे 'पेटी' म्हणत, आणि ती होतीही पेटीच. जाड दार, भिंतींना फोम, खाली गालिचा, एक खुर्ची, एक माईक, आणि कधीच न उघडणारी एक काच. हवेसाठी पंखा होता, पण तो घरघरायचा, म्हणून बहुतेक वेळ बंदच.

"तू खोकलीस, अडखळलीस, तुझ्या पोटात गुरगुरलं, की तो तुकडा मी कापतो," दादा सांगायचा. "पण तिथे भोक पडतं ना? कोरं सोडलं तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. म्हणून ह्याच खोलीची शांतता आधी घेऊन ठेवायची आणि भोकाला तिचं ठिगळ लावायचं. कालची शांतता आजला चालत नाही. रोज ताजी लागते."

त्याचे दोन नियम होते. पहिला, शांतता रिकाम्या खोलीची घ्यायची नाही. माणसाचं अंग आवाज पितं, त्यामुळे माणूस बसलेल्या खोलीची शांतता वेगळी असते. म्हणून रोज सकाळी, धाकटी आणि वहिनी यायच्या आत, तो बाहेर यंत्र सुरू करी, पेटीत जाऊन दार लावी आणि तिच्या खुर्चीत बसून तिच्यासाठी शांतता घेऊन ठेवी. दुसरा नियम, कच्चं कधी फेकायचं नाही. साफ केलेलं वेगळं ठेवायचं, पण मूळ रेकॉर्डिंग खोकल्या-शिंकांसकट जसंच्या तसं जपायचं. "कच्चं फेकणारा रेकॉर्डिंगवाला म्हणजे पुरावा जाळणारा पोलीस," असं तो शिकायला येणाऱ्यांना ऐकवायचा, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा.

सिगारेट दोघांना एकदमच लागली होती. कामाच्या मधल्या सुट्टीत मागच्या लोखंडी जिन्यावर पाठीला पाठ लावून दोघं ओढत बसायची. पाठीला पाठ ही सवय मात्र फार जुनी. घरात आईवडिलांची भांडणं सुरू झाली की दोघं जिन्यात तशीच जाऊन बसायची आणि दादा म्हणायचा, "काही नाही होत, रेडिओ. आत्ता थांबेल." आणि खरंच, त्याच्या पाठीला टेकलं की तिच्या छातीतली धडधड खाली बसायची.

सोडलीही दोघांनी एकदमच. एक भली थोरली कादंबरी वाचायचं काम आलं होतं, सगळी प्रकरणं एकसारख्या आवाजात हवी होती, आणि धाकटीचा घसा सकाळी सकाळी खडी सांडल्यासारखा वाजत होता. दोघांनी शेवटची सिगारेट एकाच चहाच्या कपात विझवली. वहिनीने तो कप धुतलासुद्धा नाही, उचलून कचऱ्यात टाकला. "ह्यातलं एक जरी परत ओढताना दिसलं," ती म्हणाली, "तर दोघांनाही ह्या जिन्यावरून खाली ढकलीन." सगळे हसले.

पहिले काही आठवडे जड जातात, चिडचिड होते, मन थाऱ्यावर राहत नाही, मग हळूहळू बसतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. धाकटीचं बसेचना. महिने उलटले तरी तीच तऱ्हा. संध्याकाळी घरी आली की तासाभरात अंगात कुणीतरी मुंग्यांचं वारूळ फोडावं तसं व्हायचं. छाती धडधडायची, झोप यायची नाही, आणि काही वाईट घडणार आहे अशी उगाचच खात्री वाटायची. रविवार तर नकोच वाटायचा. नवरा दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात सुखी होता, त्यामुळे तिच्या तावडीत सापडायला घरात एकटी लेक होती. एकदा बुटाच्या नाडीवरून ती लेकीवर इतकी ओरडली की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. त्या दिवसापासून लेक शाळेतून आली की उंबऱ्यावरच उभी राहायची आणि विचारायची, "आज कशी आहेस?" उत्तर ऐकल्याशिवाय आत यायची नाही. धाकटीला ते सुरीसारखं लागायचं, पण पोरीचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं.

सगळ्या जगात एकच जागा अशी होती जिथे तिला बरं वाटायचं, आणि ती म्हणजे पेटी. सकाळी आत जाऊन बसलं, दोन पानं वाचली, की वारूळ गप्प. काचेपलीकडे दादा अंगठा दाखवायचा आणि तिला वाटायचं, माझा भाऊ आहे, मला काय होतंय. "मामाकडे गेलं की मला बरं वाटतं," असं ती लेकीलाही सांगायची. लेक तिच्या गळ्यात पडून केसांत नाक खुपसायची. "मामाकडून आलीस की तुझ्या केसांना टरबुजाचा वास येतो. मला आवडतो." तो वास धाकटीलाही यायचा. दादाने सांगितलं होतं, बंद खोली कुबट होते म्हणून सुगंधाची डबी ठेवली आहे. ती हिरवी डबी पेटीतल्या फळीवर होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

शेवटी दादाच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. "एकटी कशाला जातेस, मी येतो ना." डॉक्टरीणबाई शांत होत्या, सगळं ऐकून घेत होत्या. झोप, भूक, घरचं, कामाचं असं विचारता विचारता त्यांनी हेही विचारलं, "आजूबाजूला कुणी ओढतं का? घरी, कामावर? सिगारेट, वाफ ओढायचं ते ई-सिगारेटचं यंत्र, काहीही?"

धाकटीने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "छे हो. आम्ही दोघांनी एकदमच सोडली. आता आमच्याकडे शोधून काडेपेटी सापडायची नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, "छान," म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. मग गोळ्या लिहून दिल्या. परतताना दादाने गोळ्या घेतल्या, लेकीसाठी खाऊ घेतला, आणि धाकटीला म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. तू लहानपणापासून जरा हळवीच आहेस." तो प्रेमाने म्हणाला, आणि तिनेही ते प्रेमानेच मान्य केलं. माणसाच्या गळ्यात एकदा असा बिल्ला अडकवला की माणूस तो स्वतःच पुसून चकचकीत ठेवतो.

गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण वारूळ गेलं नाही. मग दादानेच तिला सुट्टी दिली, "महिनाभर वाचनाकडे बघूसुद्धा नकोस." सुट्टीचे पहिले दिवस तिने नखं खाऊन काढले. पण पुढे पुढे, तिच्याही नकळत, मन निवळायला लागलं. ती रात्री झोपायला लागली. एका रविवारी तिने लेकीबरोबर चार तास पत्ते खेळले, हरली, आणि चिडली नाही. लेक आता विचारता विचारताच आत यायला लागली.

सुट्टी संपली आणि ती आनंदाने पेटीत जाऊन बसली. आठवडा झाला नाही तोच संध्याकाळी वारूळ फुटलं, आणि लेक पुन्हा उंबऱ्यावर थांबली.

तेव्हा धाकटीने हिशेब मांडला, आणि तिच्या मते तो सरळ होता. वाचन बंद की मन ठीक, वाचन सुरू की मन बिघडतं. म्हणजे हा धंदाच आपल्याला झेपत नाही. लेक की आवाज, असा प्रश्न असेल तर तो प्रश्नच नव्हता. तिने दादाला सांगितलं, "मी वाचन सोडते. उरलेली कादंबरी दुसऱ्या कुणाला दे."

दादाने यंत्राचं एक बटण उगाच फिरवलं. मग म्हणाला, "तुला ज्यात बरं वाटेल ते कर, रेडिओ." तिला तेव्हा वाटलं, किती समजूतदार भाऊ आहे माझा.

जाता जाता शेवटचं काम म्हणून, झालेली प्रकरणं एकदा ऐकून चुका काढायच्या होत्या. तिने वहिनीला फाईली पाठवायला सांगितल्या. वहिनीला पक्कं कुठलं, कच्चं कुठलं ते काही कळायचं नाही. तिने आपलं सगळंच्या सगळं पाठवून दिलं.

दुपारी लेक शाळेत असताना धाकटी हेडफोन लावून बसली. पहिल्या प्रकरणाच्या आधीची फाईल शांततेची होती. ती पुढे ढकलणार, तेवढ्यात आतून खुर्ची करकरली, आणि मग गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसं बारीक चुर्र ऐकू आलं. मग श्वास. आत ओढलेला, धरून ठेवलेला, आणि मग लांबच लांब सोडलेला. सोडताना त्यात एक बारीक शीळ होती.

ती शीळ तिने झोपेतही ओळखली असती. लहानपणी तिनेच मारलेल्या चेंडूने दादाच्या नाकाचं हाड सरकलं होतं. तेव्हापासून तो श्वास सोडताना अशी शीळ वाजायची, आणि दोघं एकाच खोलीत झोपायची तेव्हा ती शीळ ऐकतच तिला झोप लागायची.

पुन्हा चुर्र. पुन्हा शीळ. मग कुठे खरी शांतता, स्वच्छ, निर्मळ. तेवढीच कापून तो ठिगळाला वापरायचा. उरलेलं कच्चं त्याने नियमाप्रमाणे जपून ठेवलं होतं.

तिने दुसरी शांतता लावली, मग पाचवी, मग मधलीच कुठली तरी. सगळ्यांत तेच. कादंबरीचं पहिलं प्रकरण तर त्या कपात सिगारेटी विझवल्या त्याच आठवड्यातलं होतं. तिच्या खुर्चीत बसून, दार लावून, पंखा बंद करून दादा रोज सकाळी ई-सिगारेटची ती वाफ पेटीत सोडत होता, आणि मागोमाग ती तिथेच बसून दिवसभर पोटातून श्वास घेऊन वाचत होती. आणि ती हिरवी डबी, वाफेच्या टरबुजी वासावरचं पांघरूण. तिने त्या डबीचं कौतुकसुद्धा केलं होतं.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळं त्यामुळेच झालं, असं मी फोनवर छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही सोडलेल्या सिगारेटमधलं निकोटिन त्या वाफेतून तुम्हाला बंद खोलीत रोज थोडं थोडं मिळत असेल, आणि संध्याकाळी तुटत असेल, तर मन स्थिर कसं व्हायचं? शरीराच्या दृष्टीने तुम्ही सोडलेलीच नाही. रोज नव्याने सोडताय. हे एका दिवसात जाणार नाही. गोळ्या मनानेच बंद करू नका, मला येऊन भेटा." फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "पण मी तेव्हा विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकरच स्टुडिओत गेली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. यंत्रावर लाल दिवा लागला होता. काचेपलीकडे दादा तिच्या खुर्चीत पाठमोरा बसला होता. नव्या वाचणारीसाठी शांतता घेणं चाललं होतं. धाकटीने खुंटीवरचे हेडफोन कानाला लावले. चुर्र. शीळ. दादाच्या डोक्यावर पांढरा ढग उठला आणि फोमला जाऊन चिकटला.

बाहेरून आत बोलायला एक बटण असतं. तिने ते दाबलं.

"दादा, आजूबाजूला कुणी ओढतं का?"

तो वळला नाही. काठीसारखं ते छोटं यंत्र त्याने मुठीत झाकलं, लहान मूल लिमलेटची गोळी झाकतं तसं. मग उठला, दार उघडून बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर टरबुजाचा वासही बाहेर आला.

"अगं, वाफ असते ती नुसती," तो म्हणाला.

"मग लपवलीस कशाला?"

"तुझ्या वहिनीला कळलं असतं तर..."

"मी वहिनीचं विचारत नाहीये. डॉक्टरांनी मला विचारलं, तेव्हा तू उत्तर दिलंस. मी गोळ्या खातेय, दादा. माझी पोर मला घाबरते. मी माझा धंदा सोडला, तेव्हा तू समोर बसून म्हणालास, तुला ज्यात बरं वाटेल ते कर."

दादाने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मला नाही जमलं गं," तो म्हणाला. "तू दुसऱ्या दिवशी आलीस, म्हणालीस, मी रात्री एकही ओढली नाही. मी चार ओढल्या होत्या. लाज वाटली. मग हे घेतलं. ह्याला सिगारेटचा वास नाही, धूर नाही, कुणाला त्रास नाही असं दुकानदार म्हणाला. हे नसलं की माझं डोकं फिरतं. हात थरथरतात, तुझ्या वहिनीवर खेकसतो. एक ओढली की शांत होतो."

"आणि अशांत कशाने होतोस?"

दादा मुठीतल्या यंत्राकडे बघायला लागला. कदाचित त्याने तो प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. पण धाकटीला त्याची कीव करायची नव्हती, निदान आज तरी नाही.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. "मला काय होतंय ते कशामुळे होतंय, हे तुला माहीत होतं?"

"नाही. आधी नाही." मग खुर्ची परत आत सरकवत, "तू सुट्टीत बरी झालीस, तेव्हा शंका आली."

त्या एका वाक्याने तिचं उरलंसुरलं सगळं गेलं. शंका आली, तरी त्याने तिला परत पेटीत बसवलं होतं. शंका आली, तरी धंदा सोडू दिला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा तोच, जो तिला जिन्यात पाठीशी घेऊन बसायचा.

ती मागच्या जिन्यावर गेली, कारण त्या खोलीत तिला श्वास घ्यायचा नव्हता. थोड्या वेळाने दादा आला. त्याने ते यंत्र पायरीवर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला, नेहमीसारखा. "बस ना, रेडिओ. थोडा वेळ."

ती बसली. का बसली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाठीला पाठ लागली. खाली कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं. मोकळी हवा होती, वारा होता, वास कसलाच नव्हता. ती धडधड खाली बसायची वाट बघत राहिली. बसेना.

"बरं वाटतंय?" दादाने विचारलं.

"मला वाटायचं, तुझ्याजवळ आलं की मला बरं वाटतं," ती म्हणाली. "सगळं जग खायला उठलं तरी तुझ्या पेटीत शांत वाटायचं. मी पोरीला सांगायचे, माझा भाऊ आहे म्हणून. ते तुझ्यामुळे होतं की ह्याच्यामुळे, हे आता मला कसं कळणार?" तिने पायरीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "ओढायची होती तर ओढायचीस. पण तू माझा दादा घालवलास."

दादा रडायला लागला. त्याच्या श्वासात शीळ वाजत होती. धाकटी उठली. त्याच वेळी वहिनी पुढच्या दाराने आत येत होती. तिने धाकटीचा चेहरा बघितला, हवेचा वास घेतला, मागच्या उघड्या दारातून पायरीवरचं यंत्र बघितलं. धाकटीने तिला काही सांगितलं नाही. सांगायचं काम दादाचं होतं.

"ती कादंबरी मीच पुरी करणार आहे," जाताना ती एवढंच म्हणाली. "पण इथे नाही. दुसरीकडे. शांतताही तिथलीच घेईन."

घरी येऊन ती उगाच भांडी घासत बसली. अंगात वारूळ होतंच, ते एका दिवसात जाणार नव्हतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. संध्याकाळी लेक शाळेतून आली. उंबऱ्यावर थांबली, दप्तराचा पट्टा हातात घट्ट धरून.

"आज कशी आहेस?"

"खूप चिडलेय," धाकटी म्हणाली. "पण आज कुणावर आणि कशासाठी, ते मला माहीत आहे. आणि ते तू नाहीस. तू कधीच नव्हतीस."

लेकीने दप्तराचा पट्टा सोडला. मग बूट काढले आणि आत आली.